छोटी बोटं, मोठी खरेदी

माझी भाची जवळजवळ दोन महिने कागदावर पियानो वाजवत होती. थट्टा नाही, अगदी खरं! जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं आखलेल्या पांढऱ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये स्केचपेननं रंगवलेल्या काळ्या. रोज संध्याकाळी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरायचा, पंख्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या आणि बोटं चालवत तोंडानं सूर म्हणायचे. शेजारच्या बंगाली काकूंना पहिल्या दिवशी वाटलं, मुलगी भूगोलाचा नकाशा पाठ करतेय.

माझी ताई लग्नानंतर कोलकात्याची झाली. हाजरा रोडला महाराष्ट्र निवासापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर तिचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे. भावजी एका खासगी कंपनीत हिशेब लिहितात. भाची नऊ वर्षांची. वाढदिवसाला तिच्या काकांनी मोठ्या हौसेनं कीबोर्ड पाठवला : चव्वेचाळीस पट्ट्या, शंभर आवाज, बटण दाबलं की आपोआप वाजणारी गाणी. घरात आनंदीआनंद! आठ दिवसांत तिला गल्लीतल्या एका बाईंकडे शिकवणीला घातलं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंकडे जुना उभा पियानो आहे आणि पाश्चात्त्य पद्धतीनं शिकवण्यात त्यांचा हातखंडा आहे.

तीन-चार महिन्यांनी बाईंनी ताईला बोलावून घेतलं. ‘‘ही घरी कशावर सराव करते?’’ ताईनं अभिमानानं कीबोर्डचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘‘तो खेळण्यातला आहे, बौदी. त्याच्या पट्ट्या अरुंद. तिथं बसलेली बोटं माझ्या पियानोवर आली की चुकीच्या पट्टीवर पडतात. त्यापेक्षा घरी कागदावर वाजव म्हणावं.’’ आणि त्यांनी खरोखरच आपल्या पियानोच्या पट्ट्या मोजून दोन सप्तकांचा कागद आखून दिला.

ताईचा मला फोन आला तो रडवेला. ‘‘पूजेच्या बोनसमधले दहा हजार बाजूला ठेवलेत. पण पुन्हा चुकलं तर शिकवणीच बंद, असं हे म्हणतात. तू पेपरवाली ना? मग चौकशी करून सांग!’’

कामानिमित्त कोलकात्याला जायचंच होतं. म्हटलं, चौकशी काय, बरोबर बाजारातच जाऊ. त्या चार दिवसांत जे कळलं, ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरी ‘आई, मला कॅसिओ घे ना’ असा हट्ट चालू आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

पेटीच्या माहेरी

आपल्याकडे वनस्पती तुपाला जसं एकाच कंपनीचं नाव पडलं, तसंच कीबोर्डचं झालं आहे. कोणत्याही कंपनीचा असो, आपण त्याला ‘कॅसिओ’च म्हणतो. या कंपनीचं पहिलं वाद्य, कॅसिओटोन, १९८० मध्ये बाजारात आलं. पण विजेवरच्या पट्ट्यांचा आवाज आपल्या कानांवर त्याच्या कितीतरी आधी पडला होता. १९५४ च्या ‘नागिन’मधली ती बीन आठवते? संगीत हेमंतकुमारांचं, म्हणजे आपल्या कोलकात्याच्या हेमंत मुखोपाध्यायांचं. आणि ती बीन म्हणजे पुंगी नव्हतीच! कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर ती वाजवली होती. त्याच वर्षी मुंबईचे व्ही. बलसारा कोलकात्यात येऊन स्थायिक झाले आणि पियानो, पेटी, युनिव्हॉक्स अशी पट्ट्यांची वाद्यं वाजवत २००५ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत या शहराचेच होऊन राहिले.

आणि पेटीचं काय सांगावं! युरोपातून आलेली हार्मोनियम पायानं भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. ती मांडी घालून वाजवता येईल अशी हातभात्याची केली, ती याच कोलकात्यातल्या द्वारकिन कंपनीच्या द्वारकानाथ घोषांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. आपल्या नाट्यसंगीताची, भजनी मंडळांची, पु. लं.च्या बोटांखालची ती पेटी मूळची या शहराची लेक म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे त्याच शहराच्या रवींद्रनाथांना ती अजिबात आवडत नसे. १९४० मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती पुढं १९७१ पर्यंत काही सैल झाली नाही. पण आज कोलकात्यात रवींद्रसंगीत शिकवणाऱ्या घरी डोकावा, सतरंजीवर पहिली नजर पेटीवरच जाते!

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, कीबोर्ड घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचा?’ हा नाहीच. ‘मूल काय शिकतंय?’ हा आहे. ताईच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी रवींद्रसंगीत शिकते. तिच्या दिदिमणींनी कीबोर्डला साफ नकार दिला. कारण पेटीवर डावा हात भात्यावर असतो आणि आवाज लहानमोठा करायचा तो भात्यानं. पट्टी कितीही जोरात दाबा, फरक पडत नाही. कीबोर्डवर भाता नाही, दोन्ही हात पट्ट्यांवर. म्हणजे दिसायला दोघी बहिणी, पण हाताची सवय निराळी. तुमचं मूल गाणं शिकत असेल, भजनाला साथ करायची असेल, गांधर्व महाविद्यालय मंडळाची हार्मोनियमची परीक्षा द्यायची असेल, तर दहा हजार रुपये कीबोर्डवर घालण्याआधी गुरुजींना विचारा. बहुधा ते साधी, चांगल्या सुरांची पेटीच घ्यायला सांगतील.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या घरांना आणखी एक गोष्ट खटकेल. कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केलेले असतात. त्यामुळं त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. आजच्या बऱ्याच पेट्यांचंही तेच. गायला बसणाऱ्या मुलानं म्हणूनच रोज थोडा वेळ तानपुऱ्यावर, नाहीतर तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर गावं.

आमच्या भाचीची गोष्ट वेगळी. ती पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून दोन्ही हातांनी वाजवते. कोलकात्यात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. बालीगंजच्या कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकची स्थापना १९१५ ची! तेव्हा आम्हाला कीबोर्डच हवा होता, आणि पियानोवर गेल्यावर बोटं चुकणार नाहीत असा.

लालबाजारची फेरी

पूजेची गर्दी ओसरली होती. जतीन दास पार्कला मेट्रोत बसून चांदनी चौकाला उतरलो आणि बेंटिंक स्ट्रीटनं चालत लालबाजारच्या नाक्यावर आलो. इथून उत्तरेला रवींद्र सरणी सुरू होते, जुनी माणसं अजून चित्पूर रोडच म्हणतात. दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानं. सतारी टांगलेल्या, तबल्यांच्या जोड्या रचलेल्या, कुठं तरी कारागीर पेटीचे सूर घासून मिळवतोय. ताईच्या पिशवीत भाचीचा तो कागद गुंडाळी करून ठेवलेला. का, ते सांगतेच.

पहिल्या दुकानात विक्रेत्या दादांनी हसत स्वागत केलं, ‘‘आशुन, दिदी!’’ आणि कीबोर्ड चालू करून डेमोचं बटण दाबलं. काय सांगू! व्हायोलिनं वाजली, ड्रम घुमले, भाची डोळे विस्फारून पाहतच राहिली. भावजींनी मान डोलावली. दादा एकही पट्टी न दाबता उभे होते! तेव्हा पहिली सूचना : डेमो बंद करायला सांगा. ते वाद्याचं गाणं आहे, तुमच्या मुलाचं नव्हे. आवाज ‘पियानो’वर ठेवायला सांगा, तालाचं बटण बंद करा आणि मुलाला शिकवणीतलं जे येतं ते वाजवू द्या. भाचीनं आपला धडा वाजवला. गर्दीत तो जरा पोरकाच वाटला, पण वाद्याचा खरा आवाज आम्हाला तेव्हाच ऐकू आला.

मग कागद काढला. ताईनं तो सरळ कीबोर्डवर अंथरला. बाईंनी आखलेल्या रेघा आणि खालच्या पट्ट्या तंतोतंत जुळल्या. दादा चकितच झाले. दुसऱ्या, छोट्या वाद्यावर अंथरला तेव्हा सप्तक संपेपर्यंत कागद दीड पट्टी पुढं सरकला! तुमच्याकडं असा कागद नसेल, तर पर्समध्ये शिवणाची टेप ठेवा. पियानोची एक पांढरी पट्टी साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे सात पांढऱ्या पट्ट्या मिळून सुमारे साडेसोळा सेंटिमीटर. टेप लावल्यावर चौदा-पंधरा आले की समजा, ते वाद्य ‘मिनी’ पट्ट्यांचं. खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नाहीतर मुळीच नसतं. काकांचाही दोष नाही म्हणा. फोटोत सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात.

पट्ट्या किती हव्यात? पियानोला अठ्ठ्याऐंशी असतात. शिकणाऱ्या मुलाला एकसष्ट पुरतात : पाच सप्तकं आणि वर एक. पहिली दोन-तीन वर्षं त्यात आरामात निघतात. बत्तीस किंवा चव्वेचाळीस पट्ट्यांत दोन हात एकमेकांवर आदळायला लागतात. एकोणपन्नास म्हणजे मधली तडजोड. जागा फारच कमी असेल तरच.

हलका हात, जड हात

आता ज्या गोष्टीवरून भावजी आणि माझं दुकानातच वाजलं, ती सांगते. एकाच कंपनीचे दोन कीबोर्ड शेजारी शेजारी ठेवलेले. दोन्हींना एकसष्ट पट्ट्या, दोन्हींची रुंदी बरोबर. किमतीत मात्र चार हजारांचा फरक. भावजींचं म्हणणं, ‘‘आवाज दोन्हींत शेकड्यांनी आहेत, ताल आहेत. स्वस्त घेऊ.’’ मी भाचीला म्हटलं, एकच पट्टी एकदा हळू दाब, एकदा जोरात. स्वस्त वाद्यावर दोन्ही वेळा आवाज सारखाच आला. महागावर पहिल्यांदा कुजबुज, दुसऱ्यांदा ठणठणीत.

याला ‘टच रिस्पॉन्स’ म्हणतात. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोपीत दोन स्पर्शबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. या दोहोंमध्ये किती वेळ गेला यावरून वाद्य ओळखतं की बोट हळू आलं की जोरात, आणि तेवढाच आवाज देतं. पियानो शिकणाऱ्या मुलाला ही सोय नसेल तर ते सगळं एकाच आवाजात वाजवायला शिकतं, आणि ही सवय नंतर मोडता मोडत नाही. बाईंनीही हेच बजावलं होतं. खोक्यावर ही गोष्ट पाहून घ्या, कारण नावं फसवी असतात. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या कॅसिओच्या दोन भावंडांपैकी सीटी-एस २०० मध्ये ही सोय नाही, सीटी-एस ३०० मध्ये आहे. यामाहाचंही तसंच : पीएसआर-ई २७३ मध्ये नाही, पीएसआर-ई ३७३ मध्ये आहे. दिसायला जुळी! आणि मॉडेलं दर दोन-चार वर्षांनी बदलतात, तेव्हा नाव पाठ करण्यापेक्षा हळू-जोरातची परीक्षा करणं खात्रीचं.

बाकीच्या गोष्टी मी झटपट सांगते. हेडफोनचं भोक हवंच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ते का, हे सांगायला नको. पायाच्या पेडलची जोडणी हवी. एका वेळी किती सूर वाजू शकतात हा आकडा बत्तीस-अठ्ठेचाळीस असला की पुरे. खेळण्यातल्या वाद्यांत तो आठच असतो, म्हणून पेडल दाबून वाजवलं की आधीचे सूर गप्प होतात. संगणकाला जोडायची सोय असेल तर उत्तम, नसली तर अडत नाही. विजेचा अडॉप्टर खोक्यात आहे ना, हे पाहा. तो वेगळा विकत घ्यायचा झाला तर व्होल्टचा आकडा आणि टोकाची धन-ऋण बाजू, दोन्ही वाद्यावर छापलंय तेच हवं. कंपनीगणिक, मॉडेलगणिक ते बदलतं आणि उलटा अडॉप्टर लावला की वाद्य कायमचं मुकं होऊ शकतं. सेलवर चालत असेल तर पावसाळ्यात वीज गेली तरी सराव थांबत नाही.

आणि ते आवाज? चारशे असोत की सहाशे, मूल पहिल्या आठवड्यात कुत्र्याचं भुंकणं, हेलिकॉप्टर, बासरी सगळं वाजवून पाहतं आणि मग पियानोवर परत येतं. त्यासाठी जादा पैसे मोजू नका. भारतीय बाजारासाठी काढलेल्या काही मॉडेलांत तानपुरा, तबला, सतार असं सगळं असतं. ही वाद्यं घरगुती समारंभात गाणाऱ्यांना छान, पण नऊ वर्षांच्या मुलीला त्यांची गरज नाही. तानपुरा मोबाइलवर फुकट मिळतो.

‘ट्रान्सपोज’ नावाच्या बटणाबद्दल मात्र सावध करते. आपण म्हणतो, ‘मी काळी चारमध्ये गाते’, इथले बंगाली ‘जी शार्प’ म्हणतात, अर्थ एकच. हे बटण दाबलं की पांढरी एक वाजवूनही काळी चारचे सूर येतात. साथीला बसलेल्या मोठ्या माणसाला सोयीचं, पेटीतही ‘स्केल चेंजर’ असतोच. पण शिकणारं मूल एकदा का त्याला चटावलं की आयुष्यभर एकाच पट्टीत अडकतं. पहिली दोन वर्षं हे बटण नाहीच असं समजावं.

भावाबद्दल बोलायचं तर, हा लेख लिहिताना दुकानागणिक फरक धरून ढोबळ आकडे असे दिसले : मिनी पट्ट्यांची वाद्यं तीन ते पाच हजार, एकसष्ट पूर्ण पट्ट्यांची पण ‘टच’ नसलेली आठ ते दहा हजार, ‘टच’ असलेली बारा ते सतरा हजार. पियानोसारख्या जड पट्ट्यांचा अठ्ठ्याऐंशीचा डिजिटल पियानो हवा तर चाळीस हजारांच्या आसपास सुरुवात. ट्रिनिटीच्या परीक्षांत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. मुलाला पियानोच्या वरच्या परीक्षा द्यायच्या असतील तर पुढं कधी तरी त्या चाळीस हजारांची तयारी ठेवावी लागेल. आजच नव्हे.

आमचे दहा हजार मधल्या दरीत पडले. ‘टच’ नसलेला नवा कोरा घ्यावा, की आणखी चार-पाच हजार कुठून उभे करावेत? हप्त्यांवर घेऊ, असंही निघालं. भावजी गप्प झाले. भाची दुकानाबाहेर येऊन सतारींकडे बघत उभी राहिली. मोठ्यांच्या खिशाचं गणित मुलांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतं.

जुनं घ्यावं का?

संध्याकाळी आम्ही बाईंकडे गेलो आणि रिकाम्या हातांनी आल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘बरं केलंत.’’ त्यांची एक जुनी विद्यार्थिनी नुकतीच डिजिटल पियानोवर गेली होती. तिचा तीन वर्षं वापरलेला, एकसष्ट पट्ट्यांचा, ‘टच’ असलेला कीबोर्ड कपाटावर पडून होता. सहा हजार सांगितले होते.

वापरलेलं वाद्य घेण्यात कमीपणा नाही, फक्त परीक्षा कडक हवी. आम्ही काय केलं ते सांगते. आधी सेलचं झाकण उघडून आत पांढरी-हिरवी बुरशी, गळलेल्या सेलचे डाग आहेत का ते पाहिलं. अडॉप्टर लावून वायर किंचित हलवली, वाद्य बंद पडत नाही ना? आवाजाचं बटण शून्यापासून वरपर्यंत नेलं, खरखर येते का? मग भाचीनं डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकसष्टही पट्ट्या एकेक करून हळू दाबल्या. पुन्हा जोरात. कंटाळवाणं काम, पण टाळू नका. कारण मधल्या सप्तकाच्या काळी तीनवर आल्यावर कीबोर्ड एकदम किंचाळला! हळू दाबली तरी पूर्ण आवाज. भाची दचकली, आम्हीही.

ती विद्यार्थिनी कॉलेजातली, गुणी मुलगी. खजील होऊन म्हणाली, ‘‘माशी, मी नेहमी जोरातच वाजवायचे, मला कळलंच नाही,’’ आणि तिनं आपण होऊन पाचशे कमी केले. हा दोष बहुतेक वेळा त्या रबराच्या टोपीखाली गेलेल्या धुळीचा किंवा दमटपणाचा असतो. कोलकात्याची हवा, आपल्या कोकणासारखीच, लोखंडालाही घाम फोडणारी! दुसऱ्या दिवशी चांदनी चौकातल्या एका दुरुस्तीवाल्यानं आमच्यासमोर स्क्रू काढले, रबराची पट्टी उचलली, स्पर्शबिंदू स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले आणि तासाभरात वाद्य परत दिलं. सातशे रुपये. पण दोनपेक्षा जास्त पट्ट्या अशा असतील, किंवा एखादी पूर्ण मुकी असेल, तर मोह आवरावा. दुरुस्ती कुठवर जाईल सांगता येत नाही.

उरलेल्या पैशांत स्टँड, पेडल आणि साधा हेडफोन बसला. स्टँडला चैन समजू नका. पलंगावर कीबोर्ड ठेवून, मांडी घालून, पाठीची कमान करून वाजवणारी मुलं मी पाहिलीत. कोपर पट्ट्यांच्या बरोबरीनं यायला हवं आणि पाय टेकायला हवेत. भाचीचे पाय पोचत नव्हते, म्हणून ताईनं देवघरातला पाट खाली ठेवला. झाकायला जुन्या कॉटनच्या साडीची खोळ शिवली. प्लास्टिक टाकू नका, आत दमटपणा कोंडतो.

त्या रात्री नऊनंतर भाची हेडफोन लावून बसली. बाहेर आम्हाला नुसती पट्ट्यांची टकटक ऐकू येत होती, कागदावर बोटं पडायची तशीच. भावजी वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत होते. ताईनं दोनदा भांडी आवरली. शेवटी उठून गेली आणि तिनं हेडफोनची वायर हळूच उपटली.

‘‘अगं आई, शेजारचे झोपलेत!’’ भाची म्हणाली.

‘‘असू दे,’’ ताई म्हणाली, ‘‘दोन महिने कागद ऐकलाय. एकदा ऐकू दे.’’